कॉलेजच्या लॅबला एनएबीएल हवं असेल, तर आधी मे महिन्याचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना प्राचार्यांनी सांगितलंय, की नॅकची समिती यायच्या आत, म्हणजे सहा महिन्यांत, आपल्या लॅबला एनएबीएल, म्हणजे चाचणी प्रयोगशाळांना मिळणारी मान्यता, घ्या. पाणी तपासणीची यंत्रं बऱ्यापैकी आहेत. एक सल्लागार ‘सगळ्या फायली तयार करून देतो’ म्हणतोय. मॅडमचं विचारणं असं: सहा महिन्यांत होईल का, पैसे नेमके कशात जातात, विद्यार्थ्यांनी हात लावला तर चालतो का आणि सल्लागार घ्यावा का?

मॅडम, सहा महिन्यांत होणार नाही. आजपासून नीट लागलात तर वर्ष-दीड वर्ष धरा. बावीस वर्षं मी टेस्टिंग लॅबमध्ये आहे. पहिली काही वर्षं चिकलठाण्यातल्या एका खासगी लॅबमध्ये बाकावर उभं राहून टायट्रेशन केलं, नंतर गुणवत्तेचं काम बघायला लागलो. मराठवाड्यातल्या तीन-चार महाविद्यालयांच्या लॅब या वाटेनं जाताना जवळून पाहिल्यात. त्यातल्या एकीला मिळालं, टिकलंही. एकीला मिळालं आणि गेलं. बाकीच्यांना मिळालंच नाही. यंत्रं नव्हती म्हणून कुणाचंच अडलं नाही. अडलं ते या एका गोष्टीवर, की कॉलेजची लॅब टाइमटेबलवर चालते.

आधी एक घोळ निस्तरू. नॅक कॉलेजचं मूल्यांकन करतं, एनबीए अभ्यासक्रमाचं. एनएबीएल हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं मंडळ आहे आणि ते तुमचं कॉलेजही बघत नाही, अभ्यासक्रमही बघत नाही. या पाण्यातला क्लोराइड या पद्धतीनं, या मर्यादेत मोजायची तुमची क्षमता आहे का, एवढंच ते बघतं. म्हणून ‘आमच्या लॅबला एनएबीएल आहे’ हे वाक्यच अर्धवट आहे. कोणत्या चाचण्यांना आहे, हे स्कोपच्या, म्हणजे मान्य चाचण्यांच्या यादीच्या, पानावर लिहिलेलं असतं आणि त्या पानाबाहेरच्या चाचणीवर एनएबीएलचं बोधचिन्ह छापता येत नाही. आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट आणि हे, यातला फरकही हाच. तिथे व्यवस्था आहे का हे बघतात; इथे आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ प्रमाणे व्यवस्था तर बघतातच, शिवाय तुमच्या माणसाला समोर उभं करून टायट्रेशन करायला लावतात.

तुमच्या शेजारच्या फार्मसी कॉलेजनंही विचारलं असेल तर त्यांना सांगा, की औषधाच्या किंवा कीटकनाशकाच्या सुरक्षिततेचा अभ्यास नियामकाकडे द्यायचा असेल तर वाट वेगळी आहे. ती जीएलपीची, म्हणजे ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’ची. ते काम विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालचं राष्ट्रीय प्राधिकरण बघतं. २०११ पासून भारत ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या परस्पर-स्वीकृतीच्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे इथला जीएलपी अभ्यास बाहेरच्या सदस्य देशांतही धरला जातो. पाणी तपासणाऱ्या लॅबला त्याची गरज नाही. आणि अन्ननमुन्यांचं म्हणाल, तर नुसतं एनएबीएल मिळालं म्हणून कायद्याखालचे नमुने तुमच्याकडे येत नाहीत. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४३ खाली वेगळी मान्यता लागते. पर्यावरणाच्या नमुन्यांसाठी पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चं कलम १२ आहे. हे प्राचार्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रमाणपत्र लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘आता सरकारी काम आणा’ म्हणतील.

आता मे महिना. आपल्याकडे पाण्याची खरी तपासणी कधी लागते? बोअर आटत जातात, टँकर सुरू होतात तेव्हा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते एप्रिलमध्ये. आणि तुमची लॅब बंद कधी असते? त्याच दिवसांत. परीक्षा, मग पेपर तपासणी, मग सुट्टी. मी पाहिलेल्या ज्या लॅबचं एनएबीएल गेलं, तिथे असेसरनं, म्हणजे एनएबीएलनं पाठवलेल्या तपासनीसानं, तापमानाचं रजिस्टर उघडलं. एप्रिल ते जून रोज २७.० अंश. एकाच पेनानं, एकाच झोकात. १ मेला महाराष्ट्र दिनीही २७.० आणि दर रविवारीही २७.० च. बाहेर बेचाळीस तापलेलं, दुपारी लाइट जाते, एसीला बॅकअप नाही, आणि आत रोज सत्तावीस. असेसर काही बोलले नाहीत, नुसतं कॉलेजचं मस्टर मागवलं. नोंद करणारे गृहस्थ त्यातले एकोणीस दिवस रजेवर होते.

खोटेपणा करायचा म्हणून त्यांनी तसं केलं, असं मला वाटत नाही. कॉलेजात रजिस्टर हे तपासणीसाठी ‘पूर्ण करायचं’ असतं, डेड स्टॉक रजिस्टरसारखं. ही सवय मुळापासूनची आहे. आपण विद्यार्थ्यांना काय शिकवतो? रफ वहीत आकडे लिही, मग घरी जाऊन फेअर जर्नल सुंदर अक्षरात लिही, खाडाखोड नको. १७०२५ मध्ये याच्या बरोबर उलटं आहे. निरीक्षण ज्या क्षणी झालं त्या क्षणी जिथे लिहिलं, तीच मूळ नोंद. फेअर कॉपीला किंमत नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता यायला हवा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. व्हाइटनरची बाटली लॅबमध्ये सापडली तरी मी रागावतो.

दुसरी सवय त्याहून घातक आहे. प्रॅक्टिकलमध्ये उत्तर आधीच माहीत असतं. ब्युरेटचं वाचन १०.३ आलं आणि शेजारच्याचं १०.१ असेल, तर पोरगं शहाणपणानं १०.१ लिहितं आणि आपण त्याला मार्क देतो. टेस्टिंग लॅबमध्ये उत्तर कुणालाच माहीत नसतं. तिथे दोन वाचनांमध्ये फरक पडला तर तो फरकच कामाचा असतो, त्यातूनच अनिश्चितता, म्हणजे उत्तर किती कमी-जास्त असू शकतं ते, काढायची असते. वीस वर्षं प्रॅक्टिकल घेतलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. सल्लागाराच्या फायलींतून ते येत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: प्रॅक्टिकलची लॅब आणि टेस्टिंगची लॅब वेगळी करा. मोठी जागा नको, पंधरा बाय वीसची खोली पुरे. स्वतंत्र कुलूप, स्वतंत्र वजनकाटा, स्वतंत्र काचसामान, स्वतंत्र रसायनं. बी.एस्सी.च्या बॅचला ब्युरेट कमी पडले म्हणून इकडून चार नेले, हे एकदा सुरू झालं की कॅलिब्रेशनचा, म्हणजे उपकरण किती अचूक मोजतं याच्या तपासणीचा, सगळा हिशेब संपला. परभणीकडच्या एका कॉलेजात हेच झालं. एचओडींनी ब्युरेटवर कोरलेले नंबर दाखवले, असेसरनी यादीतला सातवा मागितला, तो निघाला एफ.वाय.च्या टेबलावर, तोंड फुटलेला.

स्कोप लहान ठेवा. पहिल्या फेरीत सहा चाचण्या पुरेत: पीएच, कंडक्टिव्हिटी, टीडीएस (विरघळलेले एकूण पदार्थ), एकूण कठीणपणा, क्लोराइड, अल्कलिनिटी. सगळ्या आयएस ३०२५ च्या वेगवेगळ्या भागांत आहेत आणि भारतीय मानकं बीआयएसच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मोफत मिळतात. झेरॉक्सची झेरॉक्स वापरू नका, चालू आवृत्तीच घ्या. मला माहीत आहे, आपल्या भागाचं दुखणं नायट्रेट आणि फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटला ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर अजिबात सवलत नाही, फ्लोराइडला १ आणि पर्यायी स्रोत नसेल तर १.५. ते जरूर करा, पण दुसऱ्या फेरीत. आणि कोलिफॉर्म वगैरे जीवाणूंचं तर पहिल्यांदा नावच काढू नका. ती शाखा वेगळी, खोली वेगळी, माणूस वेगळा.

गिऱ्हाईक कोण, याचाही आत्ताच विचार करा. ग्रामपंचायतींचे नमुने बहुतेक सरकारी जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांकडे जातात. तुमच्याकडे येतील जारवाले, दवाखाने, मंगल कार्यालयं, एमआयडीसीतले बॉयलरवाले आणि बांधकामवाले. बांधकामवाल्यांना कमी लेखू नका. काँक्रीटला वापरायच्या पाण्याच्या मर्यादा आयएस ४५६ मध्ये दिल्यात. पीएच ६ पेक्षा कमी नको, सळईच्या काँक्रीटला क्लोराइड ५०० मिलिग्रॅमपर्यंत. तुमच्या सहा चाचण्यांतल्या दोन तिथेच लागतात.

आता थोडं ब्युरेटपाशी येऊ, कारण असेसर सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवतात. कठीणपण्याचं साधं उदाहरण घ्या. ५० मिलि नमुना, पीएच १० चं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, ०.०१ मोलर ईडीटीए. वाइनसारखा लाल रंग निळा होईपर्यंत १२.० मिलि लागले. उत्तर २४० मिलिग्रॅम प्रतिलिटर. इथपर्यंत तुमचा कुठलाही विद्यार्थी येतो. पुढचा प्रश्न: २४० अधिक-उणे किती? एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलि, म्हणजे उत्तरात एक मिलिग्रॅम. एकाच नमुन्यावर दहा वेळा करून बघितलं आणि प्रमाण विचलन १.५ आलं. ब्युरेटच्या दाखल्यावर अधिक-उणे ०.०५ मिलि आहे, त्याला तीनच्या वर्गमुळानं भागून वीसनं गुणलं की ०.६ च्या आसपास. ईडीटीएच्या मोलॅरिटीची अनिश्चितता ०.३ टक्के धरली तर ०.७. तिघांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ १.८, के हा गुणक २ घेऊन ३.५. म्हणजे २४० अधिक-उणे ४, सुमारे ९५ टक्के विश्वासानं. गणित बारावीचं आहे. अडचण एवढीच, की बहुतेक लॅबमध्ये हे पान सल्लागारानं दुसऱ्या लॅबचं आणून लावलेलं असतं आणि ‘हा १.५ कुठून आला?’ म्हटलं की सगळे छताकडे बघतात.

आणि हा आकडा नुसता शोभेचा नाही. कठीणपण्याची स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे. तुमचं उत्तर १९८ आलं, अनिश्चितता ४. अहवालात ‘योग्य’ लिहायचं का? याचा नियम गिऱ्हाइकाशी आधी ठरवायचा असतो, नमुना घेतानाच. नमुना घेण्याच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना ठेवा.

पीटी, म्हणजे प्रावीण्य चाचणी, अर्जाआधी करून ठेवावीच लागते. एकाच पाण्याचा नमुना अनेक लॅबना जातो आणि तुमचं उत्तर इतरांच्या तुलनेत कुठे बसतं ते झेड-स्कोअरनं कळतं. दोनच्या आत असाल तर ठीक, दोन ते तीन म्हणजे सावध, तीनच्या वर म्हणजे नापास. ज्या लॅबला शेवटी मिळालं, तिचा कठीणपण्याचा पहिला झेड-स्कोअर अधिक ३.४ होता. सगळे हादरले. माणूस चांगला, ब्युरेट कॅलिब्रेट केलेला, पद्धत पाठ. चार दिवस कारण सापडेना. शेवटी मी तिथल्या मामांना, म्हणजे लॅब अटेंडंटला, विचारलं, ‘मामा, ईडीटीए कुठे ठेवता?’ त्यांनी कपाटातून जुनी तपकिरी काचेची बाटली काढली, कधीतरी कुठल्या तरी औषधाची आलेली. साधी मऊ काच. ईडीटीए त्या काचेतून कॅल्शियमसारखे धातू ओढून घेतो आणि हळूहळू कमजोर होतो. द्रावण दोन महिन्यांपूर्वीचं, मधे पुन्हा प्रमाणित केलेलं नाही. कमजोर ईडीटीए जास्त लागतो, हिशेबात त्याची ताकद मात्र जुनीच धरलेली, म्हणून उत्तर चढं. पॉलिथिनची बाटली आणली, दर आठवड्याला प्रमाणीकरण लावलं. पुढच्या पीटीत ०.६ आला. त्या नापास पीटीचा कागद, कारणाचा शोध आणि दुरुस्ती हे सगळं फायलीत जसंच्या तसं ठेवलं. असेसरनं सगळ्यात जास्त कौतुक त्याच पानांचं केलं. नापास पीटी लपवू नका.

डिस्टिल्ड वॉटरबद्दल एक, कारण हे आपल्याकडचंच आहे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी बदलतं तसं तुमच्या डिस्टिलेशनच्या भांड्यात खार चढतो. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे त्या पाण्याची कंडक्टिव्हिटी घेऊन लिहिणं. ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं हे पाणी घेऊन केलेली चाचणी, बिघडला की सगळंच बिघडतं.

कॅलिब्रेशन एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबकडूनच करून घ्या आणि तिच्या स्कोपमध्ये तुमची रेंज आहे का ते बघा. तीन कोटेशन मागवून सगळ्यात स्वस्ताला काम देणं हा कॉलेजच्या अकाउंट विभागाचा धर्म आहे, पण स्वस्त माणसाच्या स्कोपमध्ये १८० अंशाचा ओव्हन नसेल तर तो दाखला रद्दीत. दाखला आल्यावर नुसता पंच करून लावू नका, वाचा. ओव्हनचा डिस्प्ले १८० दाखवतो आणि आत प्रत्यक्षात १७६ आहे असं दाखल्यावर असेल, तर टीडीएस करताना १८४ लावायचं, आणि तसं ओव्हनवर चिकटवायचं. दाखले सगळ्यांकडे असतात, वाचलेले क्वचितच.

विद्यार्थी चालतात का? चालतात. प्रशिक्षण द्या, परीक्षा घ्या, नोंद ठेवा, अमुक चाचणीसाठी अमुक व्यक्ती अधिकृत असं लेखी द्या. एम.एस्सी.च्या मुलानं देखरेखीखाली काम करायला हरकत नाही, फक्त अधिकृत होईपर्यंत त्याचे आकडे अहवालात जाता कामा नयेत. मला भीती वेगळीच वाटते. गिऱ्हाइकाचे आकडे प्रोजेक्टमध्ये वापरणं. एका जारवाल्याच्या पाण्याचा निकाल रजिस्टरच्या फोटोसकट विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेलेला मी पाहिलाय. मुलाला वाटलं, सर खूश होतील. गोपनीयता हा मानकाच्या चौथ्या कलमाचा अर्धा भाग आहे, आणि उरलेला अर्धा नि:पक्षपातीपणा. संस्थाचालकांच्या नात्यातल्या कुणाचा पाण्याचा प्लँट असेल तर तो धोका आजच कागदावर लिहा आणि अशा नमुन्यांचं काय करायचं ते ठरवा. अवघड वाटतं, पण असेसर विचारण्याआधी स्वतः लिहिलेलं बरं. मानकानुसार कायदेशीर जबाबदार संस्था तुमचा ट्रस्ट आहे, विभाग नव्हे. त्यामुळे कधीतरी अध्यक्षांपर्यंत जावंच लागणार.

पैशाचं म्हणाल तर अर्जाचं आणि वार्षिक शुल्क, असेसरांचा प्रवास-मुक्काम-मानधन, कॅलिब्रेशन, पीटी, संदर्भ पदार्थ, एसी आणि इन्व्हर्टर, हे सगळं कोटेशन मागवून आठवड्यात मांडता येतं. शुल्काचा तक्ता एनएबीएलच्या संकेतस्थळावर असतो, तोच धरा, कुणाच्या तोंडचा नको. खरा खर्च पगाराचा आहे. सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, प्राध्यापकाला टेस्टिंगचा माणूस करू नका. तो जूनमध्ये असेल का हे त्यालाही माहीत नसतं. दोन पूर्णवेळ माणसं हवीत, बारा महिने पगार असलेली, आणि अहवालावर सही करणारे तुमच्यासारखे दोन कायम प्राध्यापक. सही करणाऱ्यांची असेसर वेगळी मुलाखत घेतात. एकच सही करणारा असला आणि तो रिफ्रेशर कोर्सला गेला, की लॅब बंद.

सल्लागाराबद्दल माझं मत जरा कडवट आहे. चांगला सल्लागार अंतर्गत ऑडिट करायला शिकवतो, ते घ्या. फायली तयार करून देणारा नको. २०१७ च्या आवृत्तीत गुणवत्ता पुस्तिका हवीच अशी सक्तीही उरलेली नाही, तरी हे लोक तीनशे पानांचा ग्रंथ देतात आणि त्यात कुठेतरी आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव राहिलेलं असतं. तुमच्या सहा चाचण्यांच्या कार्यपद्धती तुम्ही आणि चाचण्या करणारी ती दोन पूर्णवेळ माणसं मिळून मराठीत लिहा. हो, मराठीत चालतं. ज्याला काम करायचं त्याला कळणाऱ्या भाषेत सूचना हवी. मामांना वजनकाट्याची रोजची तपासणी इंग्रजीत लिहून देऊन काय उपयोग? त्या यशस्वी लॅबमध्ये असेसरनी एचओडींना सोडून मामांनाच विचारलं, ‘आज काटा तपासला का?’ मामा म्हणाले, ‘आज मी नाही लावला साहेब, मॅडमनी लावला. माझी ट्रेनिंग झाली, पण सहीचा कागद अजून आला नाही.’ असेसर हसले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

अर्जाआधी एक पूर्ण अंतर्गत ऑडिट आणि प्राचार्यांच्या उपस्थितीत एक व्यवस्थापन आढावा झालेला हवा. मान्यता मिळाल्यावर बोधचिन्हाच्या प्रत्येक अहवालावर यूएलआर, म्हणजे त्या अहवालाचा स्वतंत्र क्रमांक, टाकावा लागतो. त्याची व्यवस्था संगणकावर आधीच करून ठेवा, हातानं लिहीत बसाल तर चुकाल.

सोमवारी प्राचार्यांकडे जाल तेव्हा अर्जाचा नमुना नेऊ नका. एका कागदावर एप्रिल, मे, जूनचे एक्क्याण्णव दिवस आखा. प्रत्येक दिवसापुढे कुलूप कोण उघडणार, कंडक्टिव्हिटी कोण घेणार, आणि तो माणूस आला नाही तर कोण येणार, ही नावं लिहा. रविवारी आणि सुट्टीला लॅब बंद असेल तर तिथे ‘बंद’ असंच लिहा. सुट्टीत काम करणाऱ्या प्राध्यापकांच्या रजा कशा धरायच्या ते त्याच कागदावर विचारा आणि त्यावर सही घ्या. सही मिळाली तर मला कळवा, वजनकाट्यापासून सुरुवात करू.